खसखस, पासपोर्ट आणि पन्नास वर्षांचे सल्ले

दुबई, मस्कत किंवा इस्तंबूलला निघालेल्या माणसाला सातारा-सांगलीकडे गेली पन्नास वर्षं जे सल्ले मिळत आले, त्यांतला मोठा वाटा धर्माबद्दलचा आहे. ते मुसलमानी राज्य आहे, जपून राहा, देवाचं नाव मोठ्यानं घेऊ नको, बायकांकडं बघू नको. सल्ला देणाऱ्याच्या मनात काळजी असते, त्यात खोट नाही. पण या पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट ठळक दिसते. प्रवासी ज्या गोष्टींनी अडचणीत आले त्या बहुतेक करून कागद, औषध, मसाला, मोबाइल आणि सोनं यांच्याशी निगडित होत्या, आणि त्याबद्दल आळीतलं कुणी काही बोललेलं नव्हतं. धर्माची धास्ती घालून पाठवलेला माणूस विमानतळावर कायद्याच्या खोड्यात अडकतो, कारण 'मुस्लिमबहुल देश' नावाचा एकच मोठा डबा करून त्यात आपण मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत सगळे देश कोंबले. तो डबा प्रवाशाच्या काही कामाचा नाही, एवढंच मला इथं मांडायचं आहे.

आखाताशी आपल्या संबंधांची सुरुवात जुनी आहे. १९६६ पर्यंत आखातातल्या बऱ्याच भागात भारतीय रुपयाच चालायचा. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक त्या भागासाठी वेगळा रुपया काढत होती. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि मजुरांची मागणी वाढली. महाराष्ट्रातून त्या वाटेला लागलेल्यांत कोकण पुढे होतं. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातली माणसं मुंबईच्या गिरण्या, माथाडीकाम आणि गलाई म्हणजे सोनं गाळण्याच्या धंद्याकडे जास्त वळली. त्यामुळे आखाताबद्दल इथं जे कळलं ते ऐकीव राहिलं आणि ऐकीव गोष्टीत धर्माचा भाग नेहमी फुगतो. सरकारने मात्र प्रश्न वेगळ्या नजरेने पाहिला. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेल्या माणसाला ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर सरकारी परवानगी लागते. आज ती यादी १८ देशांची आहे. त्यात सौदी, कुवेत, ओमान, अमिराती आहेतच. पण थायलंड आणि दक्षिण सुदान हेही आहेत, आणि तुर्कस्तान, इजिप्त, मालदीव मात्र नाहीत. मजुराला संरक्षण कुठं कमी मिळतं, हा त्या यादीमागचा विचार आहे. मशिदी किती आहेत हा नव्हे. आपल्या शहाण्यासुरत्या माणसांपेक्षा त्या कारकुनी यादीला जग जास्त नीट कळलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

याचा दुसरा दाखला थेट सातारा जिल्ह्याच्या औंधमधला आहे. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९६१ ते १९६४ या काळात इंडोनेशियात आणि पुढे १९६६ ते १९६९ मध्ये कैरोत भारताचे राजदूत होते. म्हणजे सूर्यनमस्काराचं वेड असलेल्या घराण्यातला माणूस जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशात भारताचा चेहरा होता. सप्टेंबर १९६२ मध्ये जाकार्तात आशियाई खेळ चालू असताना तिथल्या भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. कारण धर्माचं नव्हतं. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसा नाकारला होता, त्यावर भारताचे क्रीडा-प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी या स्पर्धेला आशियाई खेळ म्हणता येणार नाही असा पवित्रा घेतला, आणि यजमानांचा राष्ट्राभिमान दुखावला. त्याच आठवड्यात खवळलेल्या प्रेक्षकांपुढे भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून फुटबॉलचं सुवर्णपदक घेतलं, तो भाग वेगळा. त्या दिवसांत जाकार्तात असलेल्या भारतीय पाहुण्याला उपयोगी पडला असता असा सल्ला एकच होता: वर्तमानपत्र वाचून बाहेर पड. रामायणाची नाटकं होतात म्हणून तो देश आपला, किंवा नमाज पढला जातो म्हणून परका, या दोन्ही समजुती त्या दिवशी सारख्याच निरुपयोगी होत्या.

धार्मिक रीतिभातीबद्दल इथल्या माणसाला वेगळं शिकवायची गरजही फारशी नाही. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात जाणारा माणूस चपला बाहेर काढतो, डोकं झाकतो, कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून आडवा जात नाही. त्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो आणि आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं चालतं. कडेगावला मोहरमात उंचच उंच ताबूत निघतात, त्यांच्या मानकऱ्यांत हिंदू घराणी आहेत. आता यावरून आपल्याकडे सगळं गोडीगुलाबीचं आहे असा निष्कर्ष मी काढत नाही. २००९ मधली मिरजेची दंगल जिल्हा विसरलेला नाही. मुद्दा एवढाच की अबूधाबीच्या शेख झायेद मशिदीत किंवा इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत जी अदब लागते ती या भागातल्या माणसाच्या अंगवळणी पडलेली असते. फरक तपशिलाचा. साडीचा पदर डोक्यावरून घेतला तरी पोट-पाठ उघडी राहते, म्हणून तिथं वरून अंगभर झगा घालायला सांगतात. पंचा किंवा अर्धी चड्डी चालत नाही. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. आपल्याकडच्या कित्येक देवळांतही सोवळ्याचे, कपड्यांचे नियम आहेतच.

खरा घोळ बॅगेत असतो. १९८४ मध्ये केसरी ही सहल कंपनी सुरू झाली, पुढे महिलांच्या स्वतंत्र सहली निघाल्या, १९९६ पासून दुबईचा खरेदी महोत्सव भरू लागला आणि निवृत्त शिक्षक, साखर कारखान्यातला अधिकारी, द्राक्षबागाईतदार अशी मंडळी पाच-सहा दिवसांच्या सहलीला जाऊ लागली. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रं उघडली तेव्हा पुण्याची खेपही बऱ्याच जणांची वाचली. माणसं वाढली, बॅगा वाढल्या, आणि बॅगेत घरचं खाणं आलं. उन्हाळ्यात डंकावरून कांडून आणलेल्या वर्षाच्या चटणीत मिरची, धणे, सुकं खोबरं, तीळ, कांदा-लसूण यांच्याबरोबर बहुतेक घरांत खसखस असते. दिवाळीत गेलं तर अनारशावर ती उघडउघड थापलेली असते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि खसखस वाण्याकडे मिळते. अमिरातींत मात्र ती अंमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. बियांवर अफूचा अंश राहू शकतो, म्हणून पूड केली की चालतं ही समजूत खोटी आहे. आणि इथंच डब्याचा फोलपणा पुरता उघडा पडतो, कारण सिंगापूर मुस्लिमबहुल नाही, तरी तिथंही खसखस खुशाल नेता येत नाही. दोन्हीकडच्या नियमाचा उगम धर्मात नाही. भडंगाची पिशवी न्या, त्यात भानगड नाही. चटणी न्यायचीच तर खसखस न घातलेली वेगळी करून न्या.

औषधांचं तसंच. कोडीनयुक्त खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, आणि मधुमेहाने पायांची आग होणाऱ्यांना सर्रास दिलं जाणारं प्रीगाबालिन ही अमिरातींत नियंत्रित औषधं आहेत. ती न्यायची तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिथल्या सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते. सहलीत साठीच्या पुढची माणसं असतात, त्यांच्या गोळ्या स्ट्रिपमधून कापून छोट्या डबीत भरलेल्या असतात, आणि डबीवर नाव नसतं. मोबाइलचा धोका तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. तिथं परक्या माणसाचा फोटो त्याला न विचारता काढणं, व्हॉट्सॲपवर शिवी पाठवणं, कुठल्याही धर्माची टवाळी पुढं ढकलणं हे गुन्हे आहेत. एप्रिल २०२० मध्ये समाजमाध्यमांवरच्या मजकुरामुळे अमिरातींतल्या काही भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या आणि भारतीय राजदूतांना जाहीर समज द्यावी लागली. गावच्या ग्रुपवरचं आलेलं जसंच्या तसं पुढं पाठवायची सवय विमानात बसण्याआधीच थांबवलेली बरी. तसाही तिथं व्हॉट्सॲपचा कॉल साधारणपणे लागत नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवलं तर उगाच घोर लागत नाही.

सोन्याचं तर विचारू नका. विटा-खानापूरच्या गलाई कारागिरांनी काश्मीरपासून केरळपर्यंत सोनं गाळण्याचा धंदा नेला, त्यामुळे सोन्याचा कस या भागाला कुणी शिकवायला नको. तरीही दुबईचं सोनं स्वस्त म्हणून दागिने घेऊन येणारे पर्यटक सीमाशुल्काच्या रांगेत गोंधळतात. दागिन्यांवरची करसूट ही एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहिलेल्या माणसासाठी आहे, पाच दिवसांच्या पाहुण्यासाठी नाही. त्यात जुलै २०२४ मध्ये भारताने सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हा भावातली तफावत बरीच आटली. दुबईत घेतलेल्या वस्तूवरचा ५ टक्के व्हॅट पर्यटकाला विमानतळावर बऱ्याच अंशी परत मिळतो, पण त्यासाठी दुकानातच पासपोर्ट दाखवून नोंद करावी लागते. हे सांगणारं आळीत कुणी नसतं. तिथं चर्चा असते ती बुरख्याची.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: म्हणजे धर्माचा काही संबंधच नाही का? आहे. इराणमध्ये परदेशी बाईलाही डोकं झाकण्याची सक्ती कायद्यात आहे. मालदीवमध्ये पूजेची मूर्ती नेता येत नाही, त्यामुळे पर्समधला छोटा गणपती घरीच ठेवलेला बरा. अमिरातींच्या १९८७ च्या दंडविधानात रमजानच्या दिवसांत उघड्यावर खाण्यापिण्याला २००० दिरहमपर्यंत दंड होता. पण पाहा, या प्रत्येक ठिकाणी धर्म कायद्याच्या रूपात समोर येतो आणि तो देशागणिक वेगळा असतो. मूर्तीला मालदीवमध्ये बंदी, तर अबूधाबीत फेब्रुवारी २०२४ मध्ये भव्य मंदिर उघडलं आणि मस्कत, बहरीनमधली मंदिरं तर कितीतरी जुनी आहेत. नुसतं 'मुस्लिमबहुल' म्हणून यातलं काहीही ओळखता येत नाही.

दुसरे लोक उलट टोकाला जातात. आता सगळं सैल झालंय, कशाला घाबरायचं, असं त्यांचं म्हणणं. सैल झालं आहे हे खरं. दुबईने २०२१ च्या रमजानात हॉटेलांपुढे पडदे लावण्याची सक्ती काढली, अमिरातींनी २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी घेतली, सौदीने २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू केला आणि परदेशी बायकांवर अबायाची सक्ती ठेवली नाही. पण स्वस्तातल्या सहलींत मुक्काम बरेचदा शारजात असतो. आपल्या पिढीला शारजा ठाऊक आहे ती १९९८ मधल्या सचिन तेंडुलकरच्या वादळी फलंदाजीमुळे. तिथं दारूला पूर्ण बंदी आहे हे कमी जणांना माहीत असतं. दुबईत रीतसर विकत घेतलेली बाटली गाडीने थोडं अंतर गेल्यावर बेकायदा ठरते. एकाच देशातल्या दोन शेजारच्या शहरांत हा फरक, तर मग सैल की कडक या प्रश्नाला सरसकट उत्तर कसं देणार? बायकांच्या सुरक्षिततेबद्दलही असंच. रात्री अकराला दुबईच्या मेट्रोतून एकट्या बाईने जाणं आणि कैरोच्या गर्दीच्या बाजारात धक्काबुक्की सोसणं हे दोन वेगळे अनुभव आहेत, आणि दोन्ही देश त्याच डब्यात आहेत. प्रवासलेखिका मीना प्रभूंनी 'तुर्कनामा', 'इजिप्तायन', 'गाथा इराणी' अशी तीन देशांवर तीन स्वतंत्र पुस्तकं लिहिली. मराठी वाचकाने ती आवडीने वाचली आणि सल्ला देताना मात्र तिन्ही देश पुन्हा एकत्र बांधले.

तिसरा आक्षेप ताजा आहे. मे २०२५ मध्ये भारताच्या ऑपरेशन सिंदूर या लष्करी कारवाईच्या वेळी तुर्कस्तान आणि अझरबैजान पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा बऱ्याच सहल कंपन्यांनी तिथली बुकिंगं थांबवली आणि पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं बंद केलं. मग अशा देशांना जायचंच कशाला? न जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि तो निर्णय राजकीय म्हणून घ्यावा. पण त्याच महिन्यांत दुबईच्या सहली चालूच होत्या, सांगलीची हळदही आखातात जातच होती. बहिष्कार टाकणाऱ्यांनीही देश निवडून टाकला, धर्म पाहून नाही. जायचं की नाही हा एक प्रश्न, गेल्यावर कसं वागायचं हा दुसरा.

आणि हा सगळा प्रश्न धर्माचा असता तर मिरज, कराड, सांगलीतून हजला निघणाऱ्यांना कसलीच सूचना लागली नसती. धर्म तोच, नमाजाची दिशा तीच. तरीही हज कमिटी दर वर्षी जाण्याआधी प्रशिक्षण शिबिरं घेते. त्यांत विधींबरोबरच सामानाचं वजन, कागदपत्रं, लसी, औषधांच्या चिठ्ठ्या सांगितल्या जातात आणि खसखस बरोबर घेऊ नका हेही बजावलं जातं. सहल कंपन्यांच्या निघण्याआधीच्या बैठकीत चलन, हवामान आणि खरेदीवर वेळ जातो. त्या बैठकीत शिबिरातला एखादा अनुभवी प्रशिक्षक अर्धा तास बोलवायला कुणाची ना असायचं कारण नाही. तो इथंच, दोन गल्ल्या पलीकडे राहतो.