पट्टा तुटत नाही, निसटतो



बैलाची वेसण, गाईचे दावे, शेळीची दोरी यांकडे आपण बारकाईने पाहतो. राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात मात्र हाताला लागेल ते अडकवतो. कधी नाड्याचा तुकडा, कधी जुन्या दाव्याचे टोक, तर कधी बाजारातला सर्वांत स्वस्त पट्टा. कुत्रा वस्तीवर मोकळा असतो तोवर हे खपून जाते. पण त्याला लस टोचायला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचे असते, हमरस्ता ओलांडून दुसऱ्या रानात न्यायचे असते. त्या वेळी सारी भिस्त त्या गळ्यातल्या पट्ट्यावर असते.

कुत्रा उसळ्या मारणारा असेल तर प्रश्न आणखी अवघड. ट्रकचा भोंगा वाजतो, समोरून दुसरे कुत्रे येते, आपले कुत्रे अंग झटकते आणि साखळीला रिकामा पट्टा लोंबत राहतो. मग ते गाडीखाली येईल, कुणाच्या शेळीमागे लागेल किंवा एखाद्या लेकराला चावेल. यातले काहीच झाले नाही, तरी ते लस न घेताच पळाले, हे नुकसान उरतेच. पिसाळ हा रोग एकदा लक्षणे दिसू लागली की माणसालाही सोडत नाही आणि गाईम्हशींनाही सोडत नाही. म्हणून पट्ट्याचा विचार हा घराच्या सुरक्षिततेचा विचार आहे.

निसटते कसे?

पुष्कळांना वाटते, कुत्रे जोर लावून पुढे ओढते आणि पट्टा तोडते. म्हणून ते जाड पट्टा, जड साखळी आणतात. पण पुढे ओढताना पट्टा मानेच्या बुडाशी, रुंद भागावर बसतो. तिथून तो सहसा निघत नाही. घाबरलेले कुत्रे मागे सरते, मान खाली घालते आणि डोके हलवते. तेव्हा पट्टा कानांवरून सरकून पुढे निघून जातो. म्हणजे पट्टा किती मजबूत आहे, एवढेच पाहून भागत नाही. मानेच्या मानाने डोके किती मोठे आहे, हेही पाहावे लागते.

आपल्याकडच्या कारवानी किंवा मुधोळ जातीच्या कुत्र्याकडे नीट पाहा. डोके निमुळते, मान लांब आणि भरलेली. अशा कुत्र्याला साधा पट्टा ठेवून भागत नाही. तो सैल ठेवला तर निघतो आणि निघू नये इतका आवळला तर कुत्रे गुदमरते.

आधी माप घ्या

एक सुतळी घ्या. पहिले माप कानांच्या लगेच मागे, मानेभोवती. दुसरे माप डोके सर्वांत रुंद असते तिथे, कपाळावरून आणि जबड्याखालून. दुसरे माप पहिल्यापेक्षा चांगले दोन-तीन इंच मोठे असेल तर साधा बकलाचा पट्टा चालेल. तो इतका घट्ट असावा की खालून दोन बोटे सरकतील, तिसरे नाही. मध्यम कुत्र्याला एक इंच रुंद आणि मोठ्याला दीड इंच रुंद पट्टी बरी. अरुंद दोरी गळ्यात रुतते.

दोन्ही मापे जवळपास सारखी असतील तर दोन फेरांचा पट्टा घ्या. शहरातल्या दुकानात त्याला मार्टिंगेल म्हणतात. पण तो गावातला चामड्याचे काम करणारा कारागीरही करून देईल. चामडे नसेल तर खाटेची जाड नवार दुहेरी शिवूनही चालते.

दोन फेरांचा पट्टा असा करावा

समजा, मान १५ इंच आणि डोके १६ इंच आहे. १४ इंचाची पट्टी घेऊन तिच्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी कडी शिवा. कड्यांचा सांधा वेल्डिंगने बंद केलेला असावा. मग सुमारे ८ इंच घेराचा लहान फेर त्या दोन्ही कड्यांतून ओवा. या लहान फेरात तिसरी कडी असावी. साखळीचा हूक त्या तिसऱ्या कडीत अडकवायचा.

सैल असताना हा पट्टा डोक्यावरून सहज जातो. कुत्र्याने ताण दिला की लहान फेर ओढला जातो, दोन कड्या जवळ येतात आणि पट्टा मानेला बसतो. दोन्ही कड्या एकमेकींना भिडल्या की तो त्यापुढे आवळत नाही. फासाच्या साखळीला अशी मर्यादा नसते, म्हणून ती उसळणाऱ्या कुत्र्याला वापरू नये.

पट्टा घालून दार लावलेल्या खोलीत परीक्षा घ्या. कुत्र्याच्या समोर उभे राहून साखळी हलकेच आपल्याकडे ओढा, म्हणजे ते मागे सरेल. पट्टा कानांपाशी अडला तर ठीक. ताण असताना दोन कड्यांमध्ये बोटभर अंतर राहावे. कड्या भिडूनही पट्टा ढिला राहिला तर पट्टी लांब झाली, असे समजा. अंतर फार राहिले तर ती आखूड झाली.

चार गोष्टी ध्यानात ठेवा

पहिली, हा पट्टा फक्त बाहेर नेण्यासाठी आहे. त्यावर कुत्रे बांधून ठेवू नये, मोकळेही सोडू नये. लहान फेर तारेत किंवा काट्यात अडकला तर गळा आवळेल. घरी साधा पट्टा ठेवा.

दुसरी, पिलाची मान लवकर वाढते. दर पंधरवड्याला दोन बोटे घालून पाहा. रुतलेल्या पट्ट्याखाली जखम होते आणि जखमेत किडे पडतात.

तिसरी, साखळी मनगटाला गुंडाळू नका. लेकरांच्या हाती तर देऊच नका. कुत्रे शांत उभे राहिल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकू नका. चार दिवसांत त्याला ते कळते.

चौथी, कुत्रे दिवसभर आखूड किंवा जड साखळीला जखडून ठेवू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे. रोज फिरवलेले कुत्रे उसळ्याही कमी मारते.

एवढे करूनही कुणाला कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. जखमेत चुना, हळद, तिखट भरू नका.

पिलू तीन महिन्यांचे झाले की पिसाळीची पहिली लस द्यावी. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी आणि मग दरवर्षी एक. त्या दिवशी दवाखान्याच्या दारात झटापट नको असेल, तर आजच सुतळी घेऊन कुत्र्याजवळ बसा. कारागिराकडे जाताना ती दोन्ही मापे कागदावर लिहून न्या.