पोलिसांची दखल आणि घरातले मूल

वरूडसारख्या तालुक्याच्या गावी नवऱ्याने मारलेली स्त्री ठाण्याची पायरी चढते तेव्हा तिचे मूल बहुधा सोबत असते, आणि तक्रार ‘अदखलपात्र’, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना तपास न होणारी, म्हणून नोंदवून वडिलांना समज दिली गेली, तर ते मूल त्याच घरी परतते व मारहाण ही मिटवामिटवीची बाब असल्याचे शिकते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (अंमल २६ ऑक्टोबर २००६) याच्या कलम ५ नुसार मात्र संरक्षण अधिकारी, मोफत विधी सेवा आणि दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करण्याचा हक्क यांची माहिती तिला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. हे काम किरकोळ वाटते. परंतु कलम २१ खालील मुलांचा तात्पुरता ताबा किंवा कलम १८ खालील संरक्षण आदेश, ज्यात पीडित मूल असल्यास हिंसा करणाऱ्याला त्याच्या शाळेत जाण्यासही मनाई करता येते, हे मार्ग पुष्कळदा या माहितीवरच अवलंबून असतात. संरक्षण आदेशाचा भंग दखलपात्र व अजामीनपात्र आहे. समुपदेशन आणि कायदा यांची सांगड घालण्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसमवेत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, ज्यात प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पोलिसांच्याच आवारात बसतात.