वालाचा वेल रात्र मोजतो!

मृगाचा पाऊस पडला की चंद्रपूर-गडचिरोलीकडे घरामागच्या सांदवाडीत वालाचे बी टोकतात. श्रावणात वेल मांडवभर पसरतो. पण फूल एकही नाही! ‘वेल वांझ निघाला,’ म्हणून कोणी तो उपटायलाही निघतो. थांबा! वेल वाट पाहत आहे लांब रात्रीची.

पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे दिवसमान बदलते. गडचिरोली २० उत्तर अक्षांशाजवळ आहे. तेथे जूनच्या अखेरीस दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा असतो. डिसेंबरअखेर तो ११ तासांहूनही थोडा लहान होतो.

अमेरिकेत गार्नर व अ‍ॅलार्ड यांनी सोयाबीनची एक जात निरनिराळ्या तारखांना पेरली. आधीची आणि नंतरची झाडे जवळजवळ एकाच वेळी फुलली! फुलण्याचा संबंध दिवसमानाशी आहे, हे त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे कळले, की अशी झाडे खरे तर रात्रीचा अखंड अंधार मोजतात. त्यासाठी पानांतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य उपयोगी पडते. वालाच्या पुष्कळ जुन्या जाती अशाच आहेत. काही नव्या बुटक्या जाती मात्र दिवसमानाची पर्वा करीत नाहीत.

तुम्हीच पडताळून पाहा. जुन्या जातीचे बी जुलैच्या आरंभी आणि ऑगस्टच्या आरंभी लावा. तिसरा वेल रात्रभर जळणाऱ्या दिव्याजवळ वाढवा. प्रत्येकाचे पहिले फूल कधी आले, ते वहीत टिपा. मग सांगा, वेल वांझ होता, की आपलीच घाई झाली होती?