बिनतारी संदेश स्वच्छ, तर पाण्याची पाळी बिनघोर



विहिरीवरचा स्टार्टर, ठिबकचा वॉल्व्ह आणि जमिनीतला ओलावा मोजणारे यंत्र यांना आता बिनतारी संदेशाची जोड मिळू लागली आहे. रात्रीच्या विजेच्या पाळीला अंधारात, विंचू-सापाच्या भीतीने वावरात जाणे त्यामुळे वाचते. मानोरा तालुक्यात ऊस तसा थोडा, कापूस, सोयाबीन, तूर जास्त. जमीन चढउताराची आणि पाणी मोजके. म्हणून इथे उसाला दिलेले पाणी वाया जाणे कोणालाच परवडणारे नाही.

पण संदेश बिघडला तर काय होते? ओलाव्याचा आकडा येत नाही, वॉल्व्ह बंद होत नाही आणि सकाळी पाहावे तर पाणी धुऱ्यावरून नाल्यात गेलेले. आमच्या शेतकी विभागाकडे सभासदांची नेहमीची तक्रार अशी, की "लागणीच्या वेळी यंत्र चांगलं चालत होतं, पावसाळ्यात बंद पडलं." पुष्कळदा यंत्र शाबूत असते, मधे ऊस वाढलेला असतो!

ऊस आडवा येतो

पाण्याने भरलेली पाने रेडिओलहरी शोषतात आणि विखुरतात. पाऊस किंवा दव पडल्यावर हे आणखी वाढते. 2400 मेगाहर्ट्झच्या यंत्राला याचा त्रास अधिक, 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या यंत्राला त्यामानाने कमी. हा दुसरा पट्टा आपल्या देशात ठराविक शक्तीच्या मर्यादेत, मान्यताप्राप्त यंत्रांना परवान्याविना खुला आहे. वावरातल्या कामाला तोच बरा.

दोन अँटेना एकमेकींना नुसत्या दिसून भागत नाही. मधल्या रेषेभोवतीही मोकळी जागा लागते. 866 मेगाहर्ट्झला 200 मीटर अंतर असेल, तर मध्यावर रेषेखाली निदान अडीच मीटर, म्हणजे 8 फूट मोकळे हवेत. ऊस 10 फूट होणार असेल, तर सपाट रानात अँटेना 18 फुटांवर धरावी. उंची आजच्या उसाची धरू नये, तोडणीच्या उसाची धरावी. बांबू चालतो. रेडिओची पेटीही वरच ठेवावी, कारण लांब केबलमध्ये संदेश क्षीण होतो. वीज पडण्याचा धोका पाहता खांब उंच टेकाडावर एकटा उभा करू नये.

अँटेनाची लांबी व दिशा

साध्या तारेची अँटेना लहरीच्या चौथाई लांबीची असते: 433 मेगाहर्ट्झला सुमारे 17 सेंटीमीटर, 866 ला सुमारे साडेआठ. तुटली म्हणून हाताला आली ती तार जोडू नये. दोन्ही टोकांच्या अँटेना सारख्याच उभ्या ठेवाव्यात. एक उभी, एक आडवी असली की जोर घटतो. अँटेना लोखंडी पेटीत कोंडू नये.

गोंगाट उगमाशी थांबवा

जुन्नर तालुक्यातील खोडदला, म्हणजे उसाच्याच मुलखात, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या 30 अँटेना, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपणाऱ्या त्या दुर्बिणीलाही वीजवाहिनीवरच्या ठिणग्यांचा उपद्रव होतो. अशा वेळी ठिणगीची जागा शोधून ती दुरुस्त करणे हाच पक्का इलाज. आपल्यालाही तेच लागू आहे. झिजलेले स्टार्टरचे कॉन्टॅक्ट, ढिली जोडणी, सौर पंपाचा कंट्रोलर यांतून गोंगाट निघतो. म्हणून रिसीव्हर कंट्रोलरपासून काही फूट दूर बसवा, मोटरची केबल व संदेशाची तार एकत्र बांधू नका, अर्थिंग नीट करून घ्या आणि तारेवर फेराइटचे कडे घाला. बॅटरी उतरली तरी संदेश लडखडतो, हेही तपासा.

वॉकी-टॉकी वापरणाऱ्यांनी माईक तोंडापासून चार बोटे दूर धरून सावकाश बोलावे. ओरडल्याने आवाज फाटतो. बटण दाबून क्षणभर थांबावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. "थांबवू नका" यातला शेवटचा शब्द गेला तर अर्थच उलटा होतो, म्हणून ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवावा. चांगली यंत्रेही हेच करतात: संदेश मिळाल्याची पोच पाठवतात, पोच आली नाही तर पुन्हा सांगतात आणि चुकीचा आकडा तपासून टाकून देतात. खरेदीच्या वेळी ही सोय आहे का, हे विचारून घ्या.

सर्वांत महत्त्वाचे

संदेश थांबला म्हणजे वीज थांबली, असे कोणीही समजू नये. मोबाईलवर "बंद" दिसले, तरी मेन स्विच खाली ओढून, फ्यूज काढून, टेस्टरने पाहिल्याशिवाय मोटरला हात लावू नका. पाणी नसताना मोटर बंद करणारे संरक्षण विहिरीवरच, संदेशावर न विसंबणारे असावे. ठराविक वेळ संदेश आला नाही तर वॉल्व्ह आपोआप मिटेल व मोटरही थांबेल, अशी मांडणी करून घ्या.

येत्या पावसाळ्याआधी अँटेनाची उंची आणि जोडण्या तपासून घ्याव्यात, ही सभासदांना विनंती. अडचण आल्यास आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला बोलवा. आम्ही वावरात येऊन पाहू.

— ऊस विकास अधिकारी