शेवळं, काकडं आणि पोटखराबा

बदलापूरचे नाव निघाले की बाहेरच्या माणसास जांभूळ आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु गावातील जुन्या घरांत मृगाच्या सुमारास ज्या पदार्थाची वाट पाहिली जाते, तो झाडावर लागत नाही, शेतात पेरला जात नाही व त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. तो पदार्थ म्हणजे शेवळांची भाजी होय. तिच्याविषयी चार शब्द आमच्या शेतकरी बंधूंपुढे ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते.

वळवाच्या एकदोन सरी पडून जमीन भिजली म्हणजे बांधाच्या कडेस, कुंपणाच्या सावलीत व बारवीकडील रानात जमिनीतून जांभळट तपकिरी रंगाचा एकेक कोंब वर येतो. हे सुरणाच्या जातीतील एका रानकंदाचे फूल होय. यात फूल आधी येते व पान मागाहून. ते छत्रीसारखे पान पावसाळाभर अन्न तयार करून कंदात साठविते व पुढे वाळून जाते. कंद मात्र पुढील वळवापर्यंत जमिनीत निजून राहतो. ठाकूर व कातकरी बाया ही फुले खुडून, जुड्या बांधून बदलापूर, कर्जत, मुरबाड येथील बाजारांत आणतात. जुडीशेजारी लहान, हिरव्या, आंबट फळांचे वाटे मांडलेले असतात; ती काकडं. काकड हे एक रानझाड असून काकडीशी त्याचा काही संबंध नाही.

आमच्या मातोश्री हयात होत्या तोवर शेवळं कशी शिजतात हे पाहण्याची आम्हांस कधी गरज वाटली नाही. त्या वारल्यावर पहिल्याच मृगात, घरची मंडळी माहेरी गेली असता, आम्ही हौसेने दोन जुड्या आणल्या व कोणत्याही पालेभाजीप्रमाणे चिरून फोडणीस टाकल्या. दोन घास पोटात जाताच घशात असंख्य काटे रुतल्यासारखे झाले. गूळ खाल्ला, आमसुलाचे पाणी प्यालो, तरी रात्र बसून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवालीस हकीकत सांगितली, तेव्हा ती पदर तोंडास लावून हसली व म्हणाली, "भाऊसाहेब, काकडाबिगर शेवळं कोन नेतं? आई करायची ती निसती खायलाच बसलात का?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

खरी कृती येणेप्रमाणे. हातास तेल लावून वरचे आवरण काढावे. आतील दांड्यावरचा पिवळसर दाणेदार भाग सर्वांत खाजरा, तो टाकून द्यावा. उरलेले बारीक चिरून तेलावर चांगले परतावे. काकडं ठेचून, पाण्यात कुस्करून त्यांचा रस गाळून घ्यावा व त्यात शेवळं पुष्कळ वेळ शिजवावी. मग हरभऱ्याची डाळ किंवा सोललेले वाल, खोबऱ्याचे वाटण व मसाला घालावा. कायस्थ प्रभू मंडळींत कोळंबी, सोडे किंवा खिमा घालण्याची चाल आहे. या सुरणवर्गीय वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व तेच घशास बोचतात. आंबट रसाने व दीर्घ शिजण्याने ती बोच मरते, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

असे अन्न आमच्याच मुलखात आहे असे नव्हे. जपानात कोन्याकू नावाचा पदार्थ मोठ्या आवडीने खातात. तोही सुरणाच्याच जातीतील एका कंदाचा. तेथे गुन्मा प्रांतात त्याची शेती होते. त्या कंदाचे पीठ पाण्यात कालवून त्यास चुन्याची निवळी देतात. तेव्हा त्याची वडी धरते व ती खाण्याजोगी होते. आमच्याकडे काकड, तिकडे चुना. रीत निराळी, हेतू एकच.

कृती हरवली म्हणजे काय होते, याचा दाखला मक्याने दिला आहे. मका हे मूळचे मेक्सिकोकडील पीक. तेथील लोक दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, टरफल चोळून काढून मग वाटतात व त्याची भाकरी करतात. स्पॅनिश लोकांनी दाणा युरोपात नेला, परंतु चुन्याची कृती त्याबरोबर गेली नाही. जे गरीब लोक केवळ मक्यावर दिवस काढीत, त्यांची कातडी फुटू लागली, हगवण लागली व कित्येकांस वेड लागले. स्पेनमधील कासाल या वैद्याने १७३५ साली या रोगाचे वर्णन केले. इटलीत त्यास पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी, असे नाव पडले. अमेरिकेत डॉक्टर गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून प्रयोग करून हा रोग संसर्गाचा नसून अन्नातील उणिवेचा आहे असे दाखविले, आणि ते उणे द्रव्य नायसिन असल्याचे १९३७ साली उलगडले. मक्यात ते असते, पण चुन्याचा संस्कार झाल्यावाचून शरीरास फारसे लाभत नाही. मेक्सिकोतील बायका जे पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या, त्याचे कारण समजण्यास पंडितांस दोनशे वर्षे लागली.

आता आमच्या पेशाची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आयुष्यभर आम्ही महसुलाचे कागद लिहिले. गाव नमुना सातमध्ये क्षेत्र, आकार व पोटखराबा, बारामध्ये पिके. ओढ्याचा काठ, खडकाळ उतार, कुंपणाखालची पट्टी, जे काही नांगराखाली येत नाही ते सर्व पोटखराबा. तो शब्द हजारो वेळा लिहिताना ही जमीन निरुपयोगी आहे अशी आमची समजूत होऊन बसली. शेवळं मात्र नेमकी तेथेच उगवतात. गावाभोवती घरे झाली, त्यात कित्येक बांध गेले; त्याचा दोष आम्ही दुसऱ्यास देत नाही, कारण आमच्या स्वतःच्या वावराच्या कडेची पट्टी आम्हीच तीन वर्षांपूर्वी यंत्राने सपाट करविली. पाव गुंठा जमीन सुधारली व शेवळांचे सारे कंद मातीबरोबर निघून गेले.

म्हणून बांधवांस विनंती आहे. फूल खुडल्याने कंद मरत नाही. खणल्याने किंवा बांधावर तणनाशक मारल्याने मरतो. सबब निम्मी फुले बी धरण्यास ठेवावी व त्यामागून येणाऱ्या पानास हात लावू नये. बांध मोडणे अटळ असेल तर उन्हाळ्यात कंद काढून दुसऱ्या कुंपणाच्या सावलीत पुरावे. शेजारी काकडाचे झाड असल्यास तोडू नये. आणि घरात ज्या वृद्ध स्त्रीस कृती ठाऊक असेल, तिच्याशेजारी या मृगात सुनेस, मुलीस, मुलासही चुलीपाशी बसवावे.

आम्ही शेजाऱ्याच्या बांधावरून सहा कंद मागून आणून दोन वर्षांपूर्वी लावले. गतवर्षी नुसती पाने आली. यंदा एक शेवळ वर आले. ते आम्ही खुडले नाही. नातवास नेऊन दाखविले आणि काकडं कोणत्या झाडास लागतात, तेही सांगून ठेवले.