खाचरातला भारीट

मुळशीत भात काढून झाला की खाचरं मोकळी होतात. उरलेल्या ओलीवर हरभरा, वाल पेरला जातो आणि खळ्याभोवती सांडलेल्या दाण्यांवर चिमण्या तुटून पडतात. पौड-पिरंगुटच्या रस्त्यानं दुर्बीण घेऊन निघालेल्यांना ओढ असते ताम्हिणीच्या धनेशांची. चिमण्यांसाठी कोण थांबणार? थांबावं, कारण त्या थव्यात एखादा भारीट असू शकतो.

काळ्या डोक्याचा भारीट बाल्कन देशांपासून तुर्कस्तान-इराणपर्यंत वीण करतो. युरोपातले अनेक स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात आफ्रिका गाठतात. हा मात्र पूर्वेकडे वळतो आणि जवळजवळ सगळी जात पश्चिम व मध्य भारतात उतरते. सप्टेंबरपासून आगमन, मार्च-एप्रिलात परतीचा प्रवास. सोलापूरकडच्या ज्वारीवर त्याचे मोठे थवे पडतात. मुळशी पडला पावसाचा, भाताचा तालुका. इथं तो तुरळकच, म्हणून त्याची नोंद मोलाची.

ओळखायचा कसा? नर सोपा: पोट पिवळंजर्द, पाठ तांबूस. थंडीच्या सुरुवातीला डोक्यावरचा काळा रंग पिसांच्या फिक्या कडांखाली झाकलेला असतो. कडा झिजत जातात तसा तो उघडा पडतो. खरी कसोटी मादीची. ती मातकट, चिमणीच्या मादीसारखीच वाटते. मात्र चोच जाड, करडी, बुडाशी रुंद. बांधावरून उडून बाभळीवर बसली की शेपटीच्या मुळाशी खालून पाहावं. तिथली पिसं फिकट पिवळी दिसतात.

एवढ्यावर ओळख संपत नाही. मध्य आशियातून येणाऱ्या लाल डोक्याच्या भारिटाची मादीही अगदी अशीच. जाणकारही अशा वेळी ‘काळ्या किंवा लाल डोक्याचा’ असं लिहून थांबतात, आणि तेच योग्य आहे. ठोकून दिलेल्या नावापेक्षा अशी अर्धी नोंद अभ्यासाला कितीतरी उपयोगी.

परतायची वेळ काळ्या डोक्याच्या भारिटाला कळते कशी, यावर भारतीय शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं काम केलं आहे. दिवस मोठा होऊ लागला की भारीट भरपूर खातो, अंगावर चरबी चढते. एरवी रात्री गुमान झोपणारा हा पक्षी पिंजऱ्यात रात्रभर फडफडू लागतो, कारण त्याचा प्रवास रात्रीचा असतो. प्रयोगशाळेत नुसत्या दिव्यांनी दिवस लांबवला तरी हेच घडतं.

मुळशीत त्याला शोधायचं तर सकाळी लवकर, थवा चरायला उतरतो तेव्हा. फोटो चोचीचा आणि शेपटीखालचा, असे दोन्ही घ्यावेत आणि ठिकाण-तारखेसह ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावेत.