इंटरव्ह्यू ‘ब्रिंग फॉरवर्ड’ झाला. म्हणजे पुढे गेला की अलीकडे आला?

सोमेश्वरनगर : समजा, पुण्यातल्या एका कंपनीचा मेल आला. शुक्रवारचा तुमचा इंटरव्ह्यू ‘ब्रॉट फॉरवर्ड टू वेन्सडे’ झालाय, असं त्यात लिहिलंय. फॉरवर्ड म्हणजे पुढे, हे शाळेत पाठ केलेलं. म्हणजे पुढच्या आठवड्यातला बुधवार, असं समजून तुम्ही निवांत. प्रत्यक्षात इंटरव्ह्यू दोन दिवस अलीकडे आलेला असतो. आपण भारतीय ज्याला ‘प्रीपोन’ म्हणतो तेच हे. तोच इंटरव्ह्यू ‘पुट ऑफ’ झाला तर लांबणीवर गेला आणि ‘कॉल ऑफ’ झाला तर रद्दच.

ब्रिंग, पुट, कॉल हे शब्द तिसरीतल्या पोरालाही येतात. घोळ होतो तो मागे लागलेल्या शेपटामुळे. क्रियापदाला अप, ऑफ, आउट, डाऊन, ऑन असं शेपूट लागून जे नवं क्रियापद तयार होतं, ते ‘फ्रेजल व्हर्ब’. लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने १९२५ च्या आपल्या पुस्तकात ही संज्ञा वापरली आणि ती ऑक्सफर्ड डिक्शनरीचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगितलं. नाव शंभर वर्षांपूर्वीचं असलं तरी प्रकार शेकडो वर्षं जुना आहे.

साखर कारखान्याभोवती वाढलेल्या सोमेश्वरनगरात मु. सा. काकडे महाविद्यालय आहे, इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. डिग्री हातात आली की इथली मुलं बारामती, पुण्याकडे नोकरी शोधतात किंवा स्पर्धा परीक्षांना बसतात. दोन्हीकडे इंग्रजी आडवं येतं. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते. राज्यातल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झालं, तरी फ्रेजल व्हर्ब म्हटलं की आजही हातात येते ती पाचशे शब्दांची पीडीएफ. ‘लुक आफ्टर, लुक फॉर, लुक इन्टू’ असं ओळीने पाठ करायचं आणि परीक्षेच्या हॉलमध्ये सगळ्याची खिचडी करायची.

ट्रॅक्टर बंद ‘पडतो’ म्हणजे कुठे पडतो?

खरं तर मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात ‘बंद पडला’ असं आपण म्हणतो. तो पडलेला नसतो, चारही चाकांवर उभाच असतो. इंग्रजीत हेच ‘ब्रेक डाऊन’. तिथेही काही खाली गेलेलं नसतं.

आपल्या टाकणे, काढणे, घेणे, देणे, जाणे या क्रियापदांकडे बघा. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यातला फरक कुणी शिकवलेला नाही, तरी तो आपल्याला कळतो. ‘टाक’मुळे काम पुरतं संपवण्याचा भाव येतो. इंग्रजीत ते काम बऱ्याचदा ‘अप’ करतं. ईट अप म्हणजे खाऊन टाकणे, यूज अप म्हणजे वापरून टाकणे. ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणे. आपला ‘काढणे’ आणि त्यांचा ‘आउट’ तर सख्खे भाऊ वाटतात. गिव्ह अवे म्हणजे देऊन टाकणे. ‘पुट अप विथ’ पाठ होत नसेल तर ‘खपवून घेणे’ हा अर्थ जोडून बघा.

‘टॉलरेट’ आणि ‘पुट अप विथ’ यांच्यातलं नातंही ओळखीचं आहे. अर्जात आपण ‘सहन करणे’ लिहितो, घरात ‘खपवून घेणे’ म्हणतो. तसंच ‘पोस्टपोन’ ऑफिसच्या पत्रात शोभतं आणि फोनवर ‘पुट ऑफ’ सहज येतं. पुस्तकी इंग्रजी उत्तम असलेला मुलगा फोनवर गडबडतो, कारण समोरचा घरगुती इंग्रजी बोलत असतो.

म्हणून यादीपेक्षा शेपटाचा स्वभाव ओळखणं जास्त कामाचं. डाऊन लागलं की बहुधा काहीतरी कमी होतं किंवा थांबतं : स्लो डाऊन, शट डाऊन. ऑन असेल तर चालू राहतं : कॅरी ऑन, गो ऑन. ऑफ तोडतं : कट ऑफ, स्विच ऑफ. हा काही गणिताचा नियम नाही. ‘टेक ऑफ’ विमानही करतं आणि पायातल्या चपलांनाही तेच क्रियापद लागतं. ‘मेक अप’ म्हणजे भांडण मिटवणं, गोष्ट रचून सांगणं आणि बुडालेलं काम भरून काढणंही. अशा ठिकाणी वाक्य पूर्ण वाचण्यावाचून इलाज नाही.

मधे काय घालायचं?

परीक्षेत हमखास चुकणारी जागा ही. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही चालतं. पण फॅनऐवजी ‘इट’ आलं की ते मधेच बसतं : ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक. सगळ्यांना मात्र असं फोडता येत नाही. ‘लुक आफ्टर हर’ बरोबर, ‘लुक हर आफ्टर’ चूक. कुठलं फुटतं आणि कुठलं नाही, हे डिक्शनरीच्या ॲपमधल्या उदाहरणांतून कळतं. त्यामुळे शब्द लिहून घेताना वाक्यासकट घ्या.

पिकअप, ब्रेकडाऊन आणि पास आउट

हे शब्द आपल्या तोंडात आधीच आहेत. भाजी मार्केटला जाते ती पिकअप, मिल थांबली की ब्रेकडाऊन, मोबाइलमध्ये बॅकअप, लॉगइन. नाम असेल तर जोर पहिल्या भागावर : ‘पिक’अप. क्रियापद असेल तर जोर शेपटावर जातो : पिक ‘अप’. इंग्रजीत लिहिताना नाम सहसा जोडून येतं, क्रियापदाचे दोन शब्द होतात. वेबसाइटच्या बटणावर लॉगइन नेमकं कसं छापलंय ते बघा. तिथे मोठमोठ्या कंपन्याही गोंधळतात.

काही मात्र खास आपली देशी. ‘आय पास्ड आउट इन २०२४’ हे इथे सगळ्यांना समजतं. खडकवासल्याच्या एनडीएतही पासिंग आउट परेड होते. पण परदेशातल्या क्लायंटला तुम्ही २०२४ मध्ये बेशुद्ध पडलात असं वाटू शकतं. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ‘कोप अप विथ’ मधला ‘अप’ही आपणच घुसडलेला, बरोबर रूप ‘कोप विथ’. फॉर्म ब्रिटनमध्ये ‘फिल इन’ करतात, अमेरिकेत ‘फिल आउट’. आपल्याकडचं ‘फिल अप’ प्रश्नपत्रिकेत टाळलेलं बरं.

सराव कसा करायचा?

रोज दोनच घ्या आणि प्रत्येकाचं आपल्या दिवसातलं खरं वाक्य बनवा. मेसमधलं दूध संपलं : ‘वी रॅन आउट ऑफ मिल्क’. शब्दशः धावायला गेलात तर दुधातून पळत बाहेर याल. सकाळची एसटी आलीच नाही : ‘द बस डिडन्ट टर्न अप’. आठवड्याने तीच वाक्यं मित्राला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवा, लिहून नको. जोर कुठे पडतो ते बोलतानाच कळतं. बीबीसीचा ‘द इंग्लिश वी स्पीक’ हा कार्यक्रम अगदी छोटा असतो, प्रवासात ऐकून होतो. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री तर फुकटचा क्लास आहे, फक्त ती म्यूट करू नका.

आणि मुलाखतीच्या शेवटी समोरचा ‘वी विल गेट बॅक टू यू’ म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘आम्ही कळवू’ एवढाच. निवड झाली असं समजून घरी पेढे नेऊ नका.